वडिलांची आठवण, तीन खात्यांवर

जुन्या वस्तूंची खरेदी-विक्री चालते अशा एका प्लॅटफॉर्मच्या तक्रार विभागात मी काम करते. विकणारा साधा माणूस, घेणाराही साधा माणूस, मध्ये आम्ही. वाद झाला की दोघांचं ऐकायचं आणि अडकवून ठेवलेले पैसे कोणाला द्यायचे ते ठरवायचं. रोजची तिकिटं, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारी, एकाच छापाची असतात: रंग वेगळा निघाला, चार्जर आलाच नाही, पार्सल फुटलं. ती हातासरशी मार्गी लागतात. ही तक्रार मात्र दोनदा बंद होऊन तिसऱ्यांदा उघडली होती, आणि तिसऱ्या वेळी माझ्या वाट्याला आली.

एका निवृत्त बाईंनी जुन्या कॅमेऱ्याची लेन्स घेतली होती, हाताने फोकस करायची, पन्नास एमएमची. जाहिरातीत लिहिलं होतं, "वडिलांची आठवण आहे. विकताना जिवावर येतंय, पण कपाटात पडून राहण्यापेक्षा कुणा हौशी माणसाच्या हाती जावी. मला यातलं काही कळत नाही, जशी आहे तशी देतोय." बाईंनी घासाघीससुद्धा केली नाही. "दुःखातल्या माणसाशी काय भाव करायचा?" त्या मला फोनवर म्हणाल्या.

पार्सल उत्तम बांधलेलं होतं. बबल रॅपचे दोन थर, आत हाताने लिहिलेली आभाराची चिठ्ठी. आमच्या अ‍ॅपवर अशा वेळी एक मोठं हिरवं बटण येतं, 'वस्तू मिळाली, सगळं ठीक'. त्याच्याखाली बारीक राखाडी अक्षरांत 'अडचण आहे'. दर काही तासांनी आठवणही येत राहते. बाईंनी हिरवं बटण दाबलं, आणि विक्रेत्याने गोड शब्दांत मागितला म्हणून पाच ताऱ्यांचा रिव्ह्यूही दिला. पैसे त्याच क्षणी त्याच्याकडे गेले. पुढे कधीतरी भाच्याने लेन्स खिडकीकडे धरून आरपार पाहिली, तेव्हा आतल्या काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले. फंगस, म्हणजे बुरशी. समोरून फोटो काढला तर तो दिसत नाही. मागून प्रकाश सोडला की लगेच दिसतो.

नियमाप्रमाणे हिरवं बटण दाबलं की विषय मिटला. आधीच्या दोन्ही उत्तरांत तेच छापील वाक्य गेलं होतं, आणि पुढे जोडलेलं आणखी एक: 'विक्रेता खासगी व्यक्ती असल्याने परतीचा हक्क लागू होत नाही.' विक्रेता खरोखर खासगी असेल, तर या वाक्यात खोट काढता येत नाही.

गोम इथेच आहे. ग्राहक संरक्षणाचा कायदा मुळात दुकानदार आणि गिऱ्हाईक या जोडीसाठी बेतलेला. एका घरातली वस्तू दुसऱ्या घरात गेली तर त्यातलं बरंचसं गळून पडतं. भारताचे २०२० चे ई-कॉमर्स नियम घ्या. एखाद्याने वैयक्तिक पातळीवर, नियमित धंदा म्हणून नव्हे, काही विकलं तर हे नियम लागू नाहीत, असं त्यांतच म्हटलं आहे. युरोपात ऑनलाइन खरेदीवर १४ दिवसांत माल परत करायची मुभा आहे, पण तीही व्यापाऱ्याकडून घेतलेल्या मालावर. म्हणजे तुम्हाला काय हक्क आहेत हे समोरचा माणूस कोण आहे यावर ठरतं, आणि घेणाऱ्याला समोरच्याचं नाव आणि एक गोल फोटो यापलीकडे काही दिसत नाही. त्याचं बँक खातं, फोन नंबर, आजवरचे सगळे व्यवहार असतात ते आमच्याकडे.

युरोपियन कमिशनने २०१७ मध्ये अशा व्यवहारांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. दहा देश, आणि वस्तूंच्या विक्रीपासून घर भाड्याने देण्यापर्यंत पाच क्षेत्रं. वर्षभरात एकदा तरी अडचण आलेले ग्राहक त्यात ५५ टक्के निघाले, आणि काही बिनसलं तर जबाबदार कोण हे साधारण ६० टक्के लोकांना माहीत नव्हतं किंवा खात्रीने सांगता येत नव्हतं. मला दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो. आमच्याकडे फोन करणाऱ्यांचा पहिला प्रश्न तोच असतो: "मग मी कोणाशी बोलायचं?"

तर, त्या विक्रेत्याच्या जाहिरातीचे फोटो मी मोठे करून पाहत होते. लेन्स एका लाकडी टेबलावर ठेवलेली. टेबलाच्या कडेला गरम भांडं टेकल्यासारखा काळा अर्धगोल डाग, त्याच्या एका टोकाला फळीचा टवका उडालेला. हा टवका कुठेतरी पाहिलाय असं सारखं वाटत राहिलं. कॅमेरे आणि लेन्सच्या विभागातल्या विकल्या गेलेल्या जाहिराती उलट क्रमाने चाळायला बसले. जेवणाची सुट्टी त्यातच गेली. तोच डाग, तोच टवका आणखी दोन खात्यांवर सापडला. नावं वेगळी, गोल फोटो वेगळे. एका ठिकाणी वडिलांच्या जागी आजोबा होते, बाकी "विकताना जिवावर येतंय" पासून "मला यातलं काही कळत नाही" पर्यंत मजकूर जसाच्या तसा. तिन्ही खात्यांचे पैसे मात्र एकाच बँक खात्यात जात होते. हे आमच्या यंत्रणेला पहिल्या दिवसापासून दिसत असणार, फक्त कोणी विचारलं नव्हतं.

विक्रेत्याला फोन केला. खात्यांचा विषय काढलाच नाही, फक्त फंगसची तक्रार सांगितली. माणूस बोलायला मिठ्ठास.

"मॅडम, अहो जुनी वस्तू आहे, थोडंफार असणारच. कोटिंग खाल्लं नसेल तर साफ होतं. मागचा ग्रुप उघडावा लागतो, म्हणजे मागच्या काचा, समोरून नाही. त्यांना सांगा, कुठल्याही चांगल्या रिपेअरवाल्याकडे होईल."

"तुम्हाला तर यातलं काही कळत नाही ना?"

तो थांबला. मग म्हणाला, "यूट्यूबवर पाहिलं."

टीम लीडचं म्हणणं सरळ होतं. "खाती बंद कर, पण रिफंड नको. बटण त्यांनी स्वतः दाबलंय. एकाला दिला की रांग लागेल." त्याचंही अगदीच चूक नव्हतं. लेन्स आठवडाभर वापरून, कंटाळा आला म्हणून फंगसचं निमित्त काढणारेही आम्ही पाहतो. पण माझा मुद्दा वेगळा होता. जाहिरातीखाली 'खासगी विक्रेता' अशी पाटी होती, ती त्या माणसाने लावलेली नव्हती. नवं खातं उघडलं की ती आमच्याकडूनच आपोआप लागते. त्या पाटीवर विसंबून आम्ही बाईंना दोनदा नकार दिला होता.

कायदा विभागातल्या सहकारी मैत्रिणीला बोलावलं. तिने दोन निकाल काढले, दोन्ही युरोपियन न्यायालयाचे. पहिला २०१८ चा, बल्गेरियातला. एका बाईंनी वेबसाइटवर एकाच वेळी आठ जाहिराती टाकल्या होत्या, त्यातल्या एका वापरलेल्या घड्याळावरून वाद झाला. न्यायालय म्हणालं, नुसत्या आठ जाहिराती आहेत एवढ्यावरून कोणी व्यापारी ठरत नाही. विक्री पद्धतशीर चालते का, नफ्यासाठी आहे का, पुन्हा विकायलाच माल घेतला जातो का, सगळा माल एकाच प्रकारचा आहे का, आणि ग्राहकाला नसलेली तांत्रिक माहिती विकणाऱ्याकडे आहे का, हे सगळं मिळून बघायचं. मैत्रिणीने हे वाचून दाखवलं आणि मी "मागचा ग्रुप उघडावा लागतो" हे वाक्य तिकिटात नोंदवलं. दुःखी मुलाचा मुखवटा त्याच्या स्वतःच्याच ज्ञानाने उतरवला होता.

दुसरा निकाल २०१६ चा, बेल्जियममधला. एका गॅरेजने कुणा खासगी मालकाची जुनी गाडी विकली आणि मालक खासगी माणूस आहे हे घेणाऱ्याला नीट सांगितलंच नाही. अशा वेळी मध्यस्थालाच विक्रेता मानता येईल, असं न्यायालयाने म्हटलं. आमची गोष्ट याच्या उलटी, इथे धंदेवाल्याला आम्ही खासगी म्हणून उभं केलं होतं. पण मध्यस्थाने दिलेली ओळख घेणाऱ्याला महागात पडते, हे दोन्हीकडे सारखं. "आपल्याला हे निकाल बंधनकारक आहेत असं मी म्हणत नाही," ती टीम लीडला म्हणाली, "पण ती पाटी आपली आहे, हे उद्या कुणी विचारलं तर काय सांगणार?" युरोपात २८ मे २०२२ पासून विक्रेता व्यापारी आहे की नाही हे प्लॅटफॉर्मने खरेदीआधीच सांगावं लागतं. अर्थात तेही विक्रेत्याच्या स्वतःच्या सांगण्यावरून. आमच्या या गृहस्थाने काय सांगितलं असतं, ते सांगायला नको.

संध्याकाळी रिफंड मंजूर झाला, प्लॅटफॉर्मच्या खर्चाने. तिन्ही खाती एक करून त्यावर 'व्यापारी' अशी पाटी लागली. बाकीच्या खरेदीदारांना कळवायचं का, यावर बरीच खडाजंगी झाली. शेवटी 'आपली लेन्स उजेडात धरून तपासा' एवढाच मजकूर पाठवायचं ठरलं, कारण न देता. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही.

बाईंना फोन करून सांगितलं, तेव्हा त्यांनी पैशांबद्दल अवाक्षर काढलं नाही. "तू माझ्या मुलीच्या वयाची असशील, एक विचारते. मी दिलेले पाच तारे काढता येतील का? कुणीतरी ते वाचून घेईल."

येत नाहीत. रिव्ह्यू दिल्यावर थोड्याच दिवसांत तो गोठतो, रिफंड झाला तरी तसाच राहतो. मुळात हे तारे लोक देतात ते पार्सल उघडल्या उघडल्या, म्हणजे मोजली जाते ती पॅकिंग. आणि वाईट रिव्ह्यूची भीती दोन्हीकडून असते. ईबेने १९९६ मध्ये एकमेकांना शेरे द्यायची सोय सुरू केली, आणि विक्रेते सूड म्हणून उलट वाईट शेरा देतात म्हणून २००८ मध्ये विक्रेत्यांची वाईट शेरा द्यायची मुभा काढून घेतली. आमच्याकडे दोघंही एकमेकांना तारे देतात, त्यामुळे दोघंही पाचच देतात.

त्या विक्रेत्याचा धंदा चालू आहे. जाहिरातींत आता वडील नाहीत, आजोबाही नाहीत. फंगस असेल तर तसं लिहितो, मागून प्रकाश सोडलेला फोटोही टाकतो, आणि माल तरीही खपतो. बाईंचे पाच तारे त्याच्या सरासरीत अजून मोजले जातात. रिफंड झालेल्या व्यवहाराचे तारे वगळा, अशी विनंती मी टेक्निकल टीमकडे टाकली आहे. ती 'कमी प्राधान्य' या रांगेत आहे.