परडीला खिडकीची सीट

मार्गशीर्ष पौर्णिमा आली की आम्हा बेळगावच्या टूरवाल्यांची सुगी सुरू होते. कोल्हापूरच्या पेठांतली माणसं त्या दोन दिवसांत सौंदत्तीला, यल्लम्माच्या डोंगरावर असतात. माझ्याकडं येणारे ग्रुप बहुतेक बायकांचे, भिशीतले नाहीतर भजनातले. जाता जाता बदामी, पट्टदकल दाखवतो म्हटलं की ठरलेलं उत्तर मिळतं, "लेणी बघून काय करू? डोंगरावर टायमात पोचवा." मग मी पण चहा, बाथरूम आणि म्हाताऱ्यांना चढायला सोपी पायरी असलेली गाडी, एवढंच बघतो. गाडीच्या पासिंगकडं एरवी कोण बघतंय?

२०२२ साली बघायला लागलं. सुप्रीम कोर्टातल्या सुनावणीच्या निमित्तानं सीमाप्रश्न पुन्हा तापला होता. महाराष्ट्राचे मंत्री ६ डिसेंबरला बेळगावला यायचे होते, तो दौरा लांबणीवर पडला. त्याच दिवशी हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्र पासिंगच्या ट्रकांवर दगड पडले आणि तिकडं पुण्यात कर्नाटकच्या बसना काळं फासलं. एसटीनं कर्नाटकातल्या फेऱ्या थांबवल्या. माझा ग्रुप दुसऱ्या दिवशी पहाटे कोल्हापुरातून निघणार होता. ३३ बायका, गाडी एमएच-०९.

संध्याकाळी ग्रुपच्या आक्कांना फोन लावला. ट्रिप पुढं ढकलूया का, असं नुसतं विचारलं.

"पुढं ढकलायला ती काय बारशाची तारीख हाय? पुनव परवा न्हाई यायची. नवस हाईत बायकांचं. तुम्ही गाडीचं बघा."

गाडीचं बघायचं म्हणजे एमएच-०९ च्या जागी कर्नाटक पासिंगची गाडी घालायची. बेळगावच्या गाड्या केए-२२, पण निपाणी पडते चिकोडीच्या आरटीओकडं, तिथल्या केए-२३. निपाणीत ओळखीचे दोघे ट्रॅव्हलरवाले आहेत, दोन्ही गाड्या १७ सीटर. ते तयार झाले, पण कोल्हापूरला जाऊन माणसं आणायला नाही म्हणाले. महाराष्ट्रात प्रवासी भरायचे तर परमिट लागतं, ते रात्रीत कुठून काढणार? कोल्हापूरच्या बसवाल्यानं कर्नाटकचं परमिट मात्र भरून ठेवलं होतं. ते एवढ्याच कामाला आलं की बस दूधगंगेचा पूल ओलांडून कोगनोळीपर्यंत आली. तिथं माणसं उतरवायची आणि बस मागं वळवायची, असं ठरलं. बसवाला फोनवर माझ्यावर खेकसला, ते सोडून देऊ.

कोगनोळीला उजाडत होतं. रस्त्यावर पोलिसांच्या गाड्यांची रांग होती. एका हॉटेलच्या आवारात बस आणि ट्रॅव्हलर पाठीला पाठ लावून उभ्या केल्या आणि सामान हलवायला घेतलं. नारळाचं पोतं, पितळी डबे, पीठ, गूळ, दोन स्टोव्ह, सतरंज्या, लिंबाचे डहाळे. सगळं टपावर गेलं. राहिली परडी.

ती एका सत्तरीच्या मावशींच्या मांडीवर होती. बांबूची, कडेला कवड्या शिवलेली, आत हळदीचा भंडारा आणि देवीचा टाक. ड्रायव्हर पोरगा सहज म्हणाला, "मावशी, द्या हिकडं, वर बांधतो." मावशींनी त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं हातच मागं घेतला. टपावर नाही, पायाशी नाही, सीटखाली तर नाहीच. मांडीवर घ्या म्हटलं तर गुडघे दुखतात, एवढा वेळ धरवत नाही. दोन गाड्यांत सीट ३४. बायका ३३, चौतिसावा मी. खिडकीची सीट परडीला मिळाली, मी ड्रायव्हरशेजारी इंजिनाच्या उंचवट्यावर गोणपाट टाकून बसलो. इंजिन तापतं हे माहीत होतं, किती तापतं ते त्या दिवशी कळलं.

नाक्यावर पोलिसानं आत डोकं घालून विचारलं, "यल्लिगे?" मी म्हटलं, "सौंदत्ती." त्यानं परडी बघितली, हात हलवला, "होगरी."

रस्ता मी आदल्या रात्रीच बदलला होता. नेहमी बेळगाववरून जातो, हिरेबागेवाडी त्याच वाटेवर लागते. यावेळी संकेश्वरला हायवे सोडला आणि हुक्केरी, घटप्रभा, गोकाक, यरगट्टी असं आतून गेलो. लांबचं पडत नाही, पण डिसेंबरात हा भाग उसाचा असतो. पुढं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, त्यावर मोठ्यानं गाणी, त्यापुढं बैलगाड्या, आणि आमची गाडी त्यांच्यामागं दुसऱ्या गिअरवर.

थांबू तिथं मोठ्यानं मराठीत बोलू नका, असं मी निघतानाच सांगितलं होतं. मलाच ते सांगताना बरं वाटत नव्हतं, मराठी माझीही घरचीच भाषा. पण ३३ जणींची जबाबदारी होती. आक्कांनी विचारलं, "मग आईच्या नावानं उदं बी करायचं न्हाई व्हय?" मी गप्प बसलो. हुक्केरी मागं पडली आणि मागून आवाज आलाच, "उदं गं आई उदं!" शेजारून माणसांनी भरलेला एक टेम्पो चालला होता, तोही डोंगराकडंच निघालेला. त्यातून लगेच उत्तर आलं, "उधो! उधो!" मग दोन्ही गाड्यांची जुगलबंदी लागली, ट्रॅक्टर बाजूला होईपर्यंत.

चहाला गोकाकच्या धबधब्यावर थांबलो. घटप्रभा इथं १७१ फूट खाली पडते, पण वरच्या बाजूला हिडकलचं धरण आहे आणि पावसाळा सरला की कड्यावर पाण्याच्या चार रेघा उरतात. मी झुलत्या पुलाचं, कापडाच्या गिरणीचं सांगायला लागलो. ऐकायला दोघीच होत्या. बाकीच्या जणी करदंटाचा, म्हणजे गोकाकच्या डिंक-सुक्यामेव्याच्या मिठाईचा, भाव करत होत्या.

डोंगराखाली गाड्या अडवल्या होत्या, तिथून चालतच जायचं होतं. जोगुळभावीच्या कुंडात अंघोळी करून बायका वर गेल्या, रात्री उघड्यावर सतरंज्या टाकल्या, नैवेद्य रांधला. परत येताना तीच वाट, तेच ट्रॅक्टर, तीच सीट परडीला.

हिशोबाला कोगनोळीत बसलो. बसवाल्यानं ॲडव्हान्समधला एक पैसा परत दिला नाही. परमिटचे तर गेलेच. ट्रॅव्हलरचं जास्तीचं भाडं मी निम्मं आणि ग्रुपनं निम्मं, असं आक्कांनीच तोडलं. परडीच्या सीटचे पैसे मी धरले नव्हते, त्यांनी ते वेगळे काढून दिले.

तेव्हापासून कोल्हापूरच्या ग्रुपला सौंदत्तीसाठी मी गाडी निपाणीचीच लावतो, परमिटसकट. कोल्हापूरचा तो बसवाला अजून माझा फोन उचलत नाही.