दुरानचा बचाव

पनामाचा मुष्टियोद्धा रोबेर्तो दुरान याचे नाव निघाले की पाठोपाठ ‘मानोस दे पिएद्रा’, म्हणजे ‘दगडी हात’, हे त्याचे टोपणनावही येतेच. ते नाव खोटे नाही. कारकिर्दीतल्या ११९ लढतींपैकी १०३ त्याने जिंकल्या आणि त्यांतल्या ७० नॉकआउटने. मात्र हे नाव त्याला इतके घट्ट चिकटले की हात सोडून बाकीचा दुरान पाहायचा राहूनच गेला, असे माझे मत आहे. जुन्या प्रशिक्षकांना आणि जाणकारांना त्याची खरी किंमत पहिल्यापासून ठाऊक होती. पण सर्वसाधारण प्रेक्षकाच्या मनात तो अजूनही पनामा सिटीतल्या एका गरीब वस्तीतून आलेला, दाढी वाढवलेला आणि समोरच्याच्या अंगावर धावून जाणारा आडदांड गडी एवढाच आहे.

या समजाला त्याने स्वतःही हातभार लावला, हे नाकारता येणार नाही. जून १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने स्कॉटलंडच्या केन ब्युकॅननकडून लाइटवेट या हलक्या वजनगटाचे विश्वविजेतेपद घेतले, तेव्हा तेराव्या फेरीच्या शेवटी त्याचा फटका कमरेखाली बसला आणि ब्युकॅनन पुढे लढूच शकला नाही. पंचांनी दुरानला विजयी घोषित केले. तोवर तो गुणांवर स्पष्ट आघाडीवर होता, ही गोष्ट मात्र त्या फटक्याच्या चर्चेत वाहून गेली.

लढतीच्या वेळी सल्ला द्यायला त्याच्या कोपऱ्यात उभी असलेली माणसे पाहिली, तरी तो केवळ दांडगाईवर लढत होता या म्हणण्यातली हवा निघून जाते. रे आर्सेल हा १८९९ साली जन्मलेला प्रशिक्षक, आणि त्याच्या जोडीला फ्रेडी ब्राउन, जो पूर्वी हेवीवेट विश्वविजेत्या रॉकी मार्सियानोच्या कोपऱ्यात काम करून आलेला. दोघेही न्यूयॉर्कच्या जुन्या तालमीतले. अगदी जवळून लढण्याची जी कला तोपर्यंत मागे पडत चालली होती, तिचे बारकावे त्यांना पाठ होते आणि दुरानने ते आत्मसात केले.

ही कला समजून घ्यायची असेल, तर त्याच्या लढती आवाज बंद करून पाहाव्यात. समालोचक त्याच्या आक्रमकपणाबद्दल इतके बोलतात की डोळेही तेवढेच टिपू लागतात. आवाज गेला की लक्षात येते, की तो पुढे सरकतो तेव्हा त्याचे डोके आधीच मधल्या रेषेतून बाजूला गेलेले असते. उजवा खांदा किंचित हलवून तो हुलकावणी देतो, समोरच्याचे हात वर जातात आणि ठोसा पोटात बसतो. मिठीत आल्यावर तर त्याचे खरे काम सुरू होते. कपाळ प्रतिस्पर्ध्याच्या छातीला टेकवून, एक हात त्याच्या दंडावर ठेवून तो अंदाज घेत राहतो. दंडाचा स्नायू आवळला की ठोसा येणार हे त्याला हातानेच कळते, आणि तेवढ्यात त्याचा मोकळा हात बरगड्यांवर दोनदा पडून गेलेला असतो. (त्याच गर्दीत कोपर आणि डोकेही आपले काम करून जात असे, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.)

जून १९८० मध्ये माँट्रियल येथे त्याने अमेरिकेचा विश्वविजेता शुगर रे लेनर्ड याला पंधरा फेऱ्यांत गुणांवर हरवले. दुरानने डिवचल्यामुळे लेनर्ड चिडून दुरानच्याच पद्धतीने लढला म्हणून हरला, असे तेव्हापासून सांगितले जाते. त्यात तथ्य आहे. पण लेनर्डसारख्या चपळ माणसाला दोरांपाशी अडवून धरणे हे नुसत्या चिडवण्याने होत नाही. पाचच महिन्यांनी न्यू ऑर्लिन्सला दुरानने आठव्या फेरीत लढत सोडली, त्या प्रसंगाने आधीच्या विजयाचीही किंमत कमी झाली. विजयानंतर वाढलेले वजन त्याला घाईघाईने उतरवावे लागले होते आणि या वेळी लेनर्ड सतत फिरत राहिला. त्या रात्री दुरानकडे उत्तर नव्हते. १९८४ मध्ये अमेरिकेच्या टॉमी हर्न्सच्या लांब हातांपुढेही ते नव्हते. तिथे दुसऱ्याच फेरीत खेळ संपला. त्याच्या कौशल्याला मर्यादा नव्हत्या, असा माझा दावा नाही.

तरीही कुणी वाद घालू लागले, तर मी फेब्रुवारी १९८९ मधली अटलांटिक सिटीची लढत पुढे करतो. दुरान ३७ वर्षांचा होता. लाइटवेटच्या ६१ किलोच्या गटात पहिले विश्वविजेतेपद मिळवलेला, पाच फूट सात इंचांचा हा माणूस त्याहून बऱ्याच जड अशा मिडलवेट गटाच्या विश्वविजेतेपदासाठी आयरन बार्क्लीसमोर उभा राहिला. बार्क्ली सहा फुटांहून उंच, वयाने बराच लहान, आणि आठ महिन्यांपूर्वी त्याने त्याच हर्न्सला तिसऱ्या फेरीत गारद केले होते. दुरानचे पाय मंदावले होते आणि या वजनगटात त्याचे हातही पूर्वीइतके दगडी राहिले नव्हते. म्हणून तो बार्क्लीच्या ठोशांच्या आतल्या बाजूला उभा राहिला, इंचभर मान वळवून ते निसटू देत राहिला, आणि जे चुकवता आले नाहीत त्यांच्याबरोबर अंग फिरवून त्यांचा जोर कमी करत राहिला. आठव्या फेरीत बार्क्लीचा डावा हूक इतका जबर बसला की दुरान जागच्या जागी गरकन फिरला, पण पडला नाही. अकराव्या फेरीत लागोपाठच्या ठोशांनी बार्क्लीच खाली गेला. तो उठला, बारा फेऱ्या पूर्ण झाल्या, आणि तीन परीक्षकांपैकी दोघांनी दुरानच्या बाजूने कौल दिला.