हिरवी दिसली ती मुख्य नळी

पित्ताशय काढताना सर्जनला खरी धास्ती असते ती यकृताकडून आतड्याकडे पित्त नेणाऱ्या मुख्य नळीची. पित्ताशयाची बारीक नळी समजून हीच कापली गेली, तर रुग्णाचे हाल वर्षानुवर्षं संपत नाहीत.

जुलैत मालवणकडचा एक तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचा प्रमुख, आला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेवढ्यात ऑपरेशन उरकायचं म्हणून दुखणं अंगावर काढलेलं. म्हणाला, "डॉक्टरांनू, नारळीपुनवेक माका होडयेर जावक व्हया. मोठी चीर नको." बायकोने सांगितलं, सुंगटं (कोळंबी) खाल्ली की अंगावर गांधी उठतात. आम्ही वापरणार होतो त्या इंडोसायनिन ग्रीन रंगद्रव्यात आयोडाइड असतं. पण सुंगटांची अ‍ॅलर्जी बहुधा त्यांच्या मांसातल्या प्रथिनाची असते, आयोडीनची नव्हे. पूर्वी आयोडीनयुक्त औषधाने कधी त्रास झाला का, ते खोदून विचारलं. नव्हता झाला.

हे रंगद्रव्य १९५० च्या दशकापासून वैद्यकात आहे. शिरेतून दिलं की यकृत ते उचलून पित्तात सोडतं, आणि अवरक्त प्रकाशात पित्ताच्या नळ्या उजळून दिसतात. सकाळीच सिस्टरने पूड निर्जंतुक पाण्यात विरघळवली (सलाइनमध्ये नाही) आणि २.५ मिलिग्रॅमचा डोस दिला.

दुर्बीण आत गेली आणि सगळं सुजून एकमेकांना चिकटलेलं दिसलं. पित्ताशय वर खेचल्यावर त्याच्या मानेतून एक नळी सरळ खाली येत होती, अगदी क्लिप लावावी अशी. मी कॅमेऱ्याचा अवरक्त प्रकाश लावला. मॉनिटरवर तीच नळी हिरवी उजळली: एक टोक यकृतात, दुसरं आतड्याकडे. मुख्य नळी! ओढीमुळे ती ताणून वर आली होती. पित्ताशयाची खरी नळी आखूड होती, मागे दडलेली. थिएटरमध्ये सगळ्यांचेच हात थांबले.

हा प्रकाश ऊतींत जेमतेम ५ ते १० मिलिमीटर शिरतो. सूज जाड असली की हिरवं दिसतच नाही. म्हणून स्ट्रासबर्ग या सर्जनने १९९५ मध्ये सांगितलेली शिस्त सोडली नाही: चरबी साफ करायची, पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सोडवायचा, आणि पित्ताशयात जाणाऱ्या फक्त दोनच गोष्टी (त्याची नळी आणि रक्तवाहिनी) दिसल्याशिवाय काहीही कापायचं नाही. त्या दिसल्या नसत्या, तर पोट उघडायची किंवा पित्ताशयाचा काही भाग आत ठेवायची माझी तयारी होती. वेळ बराच लागला, पण दिसल्या. मगच क्लिप लावल्या.

दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. नारळी पौर्णिमेला होडीवर जा, नारळ वाहा, पण मी सांगेपर्यंत जाळं ओढायचं नाही, हे बायकोसमोर बजावलं.