भोगी, आणि परातभर वाल

१३ जानेवारी, रात्री. दांडिया बाजार, बडोदे.

बोटांची टोकं अजून सुरकुतलेली आहेत. संध्याकाळी दोन तास सासूबाई आणि मी कडवे वाल सोलत बसलो होतो. परातीत कोमट पाणी, त्यात मोड आलेले वाल. दाणा चिमटीत धरून जरासा दाबला की साल हातात राहतं आणि डाळिंबी सुळकन पुढे येते, शेपटीसारखा मोड घेऊन. थंडीमुळे यंदा मोड यायला दीड दिवस लागला. खाली रस्त्यावर पतंगाच्या दोऱ्याला गुलाबी रंग चढवणं चाललंय, त्या गलक्यात आम्ही दोघी फारसं न बोलता सोलत होतो.

तीन वर्षं या घरात वाल शिजले नाहीत. माझ्यामुळे.

मागच्या वेळी दिवस गेले तेव्हा आठव्या आठवड्यात सगळं संपलं, त्याच्या दोन दिवस आधी मी वाटीभर डाळिंबीची उसळ खाल्ली होती. भेटायला आलेल्या नात्यातल्या एक बाई उशाशी बसून म्हणाल्या, "वाल खाल्लेस ना गं? वातुळ असतात ते." मायेनेच बोलल्या, मला माहीत आहे. पण ते वाक्य आत जाऊन बसलं ते बसलंच. फळीवरचा वालांचा डबा दिसला तरी पोटात कालवायचं. एक दिवस सासूबाईंनी काही न बोलता तो डबाच तिथून हलवला.

या वेळी पाचवा महिना लागल्यावर डॉक्टरबाईंना धीर करून विचारलं. त्यांनी सांगितलं, इतक्या लवकर जे गर्भ पडतात त्यांतल्या जवळपास निम्म्यांत गुणसूत्रांचीच गडबड असते, आणि ती बहुतेकदा गर्भ धरतानाच झालेली असते. नीट शिजलेल्या वाटीभर उसळीने गर्भ पडत नाही. पोटात गॅस धरतो तो आपल्या आतड्यांत, बाळापर्यंत तो पोचत नाही. या दिवसांत आतड्यांची चाल मंदावते म्हणून एरवीपेक्षा जास्त फुगल्यासारखं होतं, एवढंच. मी तिथेच रडले. नवरा माझी फाईल दोन्ही हातांनी धरून शेजारी बसला होता.

मग मी एकेका कडधान्याचं विचारत सुटले. जपायचं ते कच्च्याला आणि अर्धकच्च्याला, हे तेव्हा कळलं, आणि इतक्या वर्षांत कुणी ते मला सांगितलं नव्हतं याचं वाईट वाटलं.

राजम्याचं सगळ्यांत महत्त्वाचं. लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं द्रव्य असतं. चार-पाच कच्चे दाणेसुद्धा पोटात गेले तर तासा-तीन तासांत उलट्या आणि जुलाब सुरू होऊ शकतात, आणि पोटुशीच्या अंगातलं पाणी असं कमी होऊन चालत नाही. तेव्हा राजमा निदान पाच तास भिजवायचा, ते पाणी ओतून द्यायचं, ताज्या पाण्यात अर्धा तास तरी खळखळून उकळायचा. कुकरला लावला तर उत्तमच. मंद आचेवर तासन् तास शिजवणारी विजेची भांडी मिळतात, त्यांत मात्र कच्चा राजमा घालू नये. दाणा मऊ होतो पण उकळी येत नाही, आणि त्या द्रव्याचा जोर जाण्याऐवजी उलट वाढू शकतो. धाकट्या जावेकडे तसलंच भांडं आहे. दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरताच तिला फोन केला.

कच्चे मोड आलेले मूगही बंद. कमाटीबागेत फिरून आलं की लिंबू पिळून मूठभर खायची माझी जुनी सवय. पण मोड यायला जी ऊब आणि ओल लागते तीच जंतूंनाही मानवते, आणि जंतू दाण्याच्या आत शिरलेले असले तर धुऊन जात नाहीत. २०११ साली जर्मनीत मेथीच्या कच्च्या मोडांतून ई. कोलायची साथ पसरली आणि पन्नासच्या आसपास माणसं दगावली. आता मुगाला चांगली वाफ आणते, मगच लिंबू. लिंबाने कडधान्यातलं लोह अंगी लागतं, हा वरचा फायदा. जेवणाबरोबरचा चहा मात्र सोडला, तो लोह अडवतो.

आणि वाल? कडव्या वालांत सायनाइड तयार करू शकणारी द्रव्यं थोडी असतात. ती भिजवून, पाणी फेकून, नीट उकळून जातात. म्हणजे सासूबाई जे करत आल्या तेच: रात्रभर भिजवणं, पाणी ओतणं, मोड काढणं, सोलणं, पुन्हा शिजवणं. त्यांचा आणखी एक नियम आहे, दाणा बोटाने चेपला जाईस्तोवर आमसूल आणि गूळ घालायचा नाही. आधी घातलं की डाळिंबी दडस राहते, कितीही शिजवा. हे मला त्यांच्या हाताखालीच कळलं.

आज भोगीची भाजी पोटभर खाल्ली. खंडेराव मार्केटातून सासूबाईंनी पापडी आणि हिरवी तुवेर आणली होती, "लीली छे बेन, लई जाव" (हिरवीगार आहे ताई, घेऊन जा) म्हणत भाजीवालीने मूठभर जास्तच टाकली. त्यात ओला हरभरा, वांगी, गाजर, वर तीळ, आणि बाजरीची भाकरी. सगळे दाणे मेणासारखे मऊ शिजले होते.

मागच्या आठवड्यात सोनोग्राफी झाली. पडद्यावर मणक्यांची ओळ दिसली, बारीक, पांढरी, एकाला एक लागून. बाळाचा मेंदू आणि या मणक्यांच्या आतला मज्जारज्जू ज्या नळीतून घडतो ती गर्भ धरल्यापासून २८ दिवसांतच मिटते, तेव्हा कित्येकींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. म्हणून ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिडची गोळी मी आधीपासून घेत होते. चवळी, हरभरा, मसूर यांतही फोलेट असतं, पण तेवढ्यावर विसंबू नका असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. नव्या नवऱ्या माझं हे वाचत असतील तर त्यांनी एवढं तरी आपल्या डॉक्टरांना आधीच विचारावं.

उद्या संक्रांत, गुळाच्या पोळ्या. वाल परवा, किंक्रांतीला. डाळिंब्या ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवल्यात. उरलेले कोरडे वाल भरायला सासूबाईंनी तोच जुना डबा काढला, घासून पुसून, आणि पुन्हा फळीवर ठेवला. तीन वर्षं तो कुठे होता, मी विचारलं नाही.