घरात मराठी, फॉर्मवर परराज्यातली

आमची ही इंदुरातली पाचवी पिढी. घरात मराठी, शाळेत हिंदी, आत्या पुण्याला. त्यामुळे बी.एस्सी. नर्सिंगला महाराष्ट्रात जायचं म्हणजे आपल्याच माणसांत जायचं, असं मी धरून चालले होते. तिथल्या सीईटीचा, म्हणजे प्रवेश परीक्षेचा, फॉर्म भरायला बसले आणि डोमिसाईल आडवं आलं. तुम्ही कोणती भाषा बोलता हे तिथे कोणी विचारत नाही. दहावी-बारावी कुठून केली आणि रहिवासी दाखला कुठला, ते बघतात. माझं सगळं मध्य प्रदेशाचं. म्हणजे राज्य कोट्यातली सरकारी कॉलेजची स्वस्त जागा माझ्यासाठी नव्हतीच. ओबीसीचा दाखलाही मध्य प्रदेशाचा, तो महाराष्ट्रात चालत नाही, म्हणून खुल्या गटात. त्या रात्री मी खूप रडले. आजीला तर हे पटेचना. ती सारखी म्हणे, ''अगं, पण आपण मराठी ना?''

तरी बाहेरच जायचं ठरलं होतं, त्याला कारण होतं. हायकोर्टाच्या आदेशाने आमच्याकडच्या नर्सिंग कॉलेजांची सीबीआय चौकशी झाली आणि परीक्षा वर्षानुवर्षं रखडल्या. आमच्या गल्लीतली एक ताई पहिल्या वर्षाच्या परीक्षेची वाट बघत घरी बसून होती. बाबा म्हणाले, ''फी कर्ज काढून भरू, पण गेलेली वर्षं कुठून आणायची?''

मी तीन ठिकाणी प्रयत्न केला. लष्कराच्या नर्सिंग कॉलेजांना डोमिसाईल लागत नाही, पण नीटचे, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचे, मार्क लागतात आणि देशभरात मिळून जागा २२०, फक्त मुलींसाठी. तिथे मी पोचले नाही. एम्सचा पेपर १०० मार्कांचा: फिजिक्स, केमिस्ट्री, बायो प्रत्येकी ३० आणि जनरल नॉलेज १०, चुकलं की एक तृतीयांश मार्क कापतात. त्यासाठी ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला हवा. घरात होता तो राज्याचा. हे दोन वेगळे कागद असतात हे आम्हाला लोकसेवा केंद्राच्या खिडकीवर कळलं. एम्सचं थोडक्यात हुकलं. उरली महाराष्ट्राची सीईटी. ती २०२३ पासून सुरू झाली. तिच्या मार्कांवर पुण्याच्या एका खासगी कॉलेजात संस्थास्तरावरच्या, म्हणजे कॉलेज स्वतः घेतं त्या, फेरीत जागा मिळाली.

जागा मिळाली, पण कागद तपासताना गाडी अडली. आमच्या बोर्डाच्या मार्कशीटवर माझं नाव आणि आडनाव एवढंच. वडिलांचं नाव खालच्या ओळीत वेगळं. महाराष्ट्रात नाव लिहायचं ते वडिलांच्या नावासकट, म्हणून सायबर कॅफेवाल्या दादाने फॉर्मवर तसं भरलं होतं. टेबलामागच्या मॅडमनी मार्कशीटवर बोट ठेवलं, मग फॉर्मवर, मग आधारवर. ''ही एकच मुलगी आहे हे मी कशावरून मानू?'' त्या रागावल्या नव्हत्या, पण माझे हात गार पडले. संध्याकाळपर्यंत ॲफिडेव्हिट आणायला सांगितलं. आत्या ऑफिस सोडून आली, आम्ही दोघी नोटरी शोधत भर उन्हात फिरलो. साडेचारला कागद टेबलावर ठेवला, तेव्हा मॅडमनी आधी मला पाणी दिलं.

मायग्रेशनचा, म्हणजे बोर्ड सोडल्याच्या दाखल्याचा, त्रास झाला नाही. ते आईने बोर्डाकडून आधीच काढून ठेवलं होतं. कॉलेज निवडताना मी एक गोष्ट मात्र नेटाने केली: भारतीय नर्सिंग परिषदेच्या यादीत त्याचं नाव स्वतः बघितलं. ज्या कॉलेजला परिषदेची मान्यता नाही, तिथल्या डिग्रीवर दुसऱ्या राज्यात नोंदणी अडते. मला चार वर्षांनी इंदूरला परतायचंय, तिथल्या सरकारी एम.वाय. हॉस्पिटलात काम करायचंय. तेव्हा महाराष्ट्राच्या नर्सिंग कौन्सिलची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, घेऊन मध्य प्रदेशात पुन्हा नोंदणी करावी लागेल.

गेल्या आठवड्यात धाकट्या मावसबहिणीचा फोन आला. तिलाही पुण्याला यायचंय. ''ताई, फॉर्म कधी निघतो?'' मी म्हटलं, ''ते सांगते. आधी दहावीची मार्कशीट काढ आणि तुझं नाव जसं छापलंय तसं मला मोठ्याने वाचून दाखव.''