तुम्ही विचारलंत म्हणून: टाकी थंड होत नाही, मोठा चिलर घेऊ का?

छोट्या ब्रुअरीत दुरुस्तीला गेलो की हा प्रश्न येतोच. माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी ग्लायकॉल तपासू, म्हणजे चिलर (थंड करणारं यंत्र) गार करून टाक्यांभोवती फिरवतो ते सहजी न गोठणारं पाण्याचं मिश्रण.

चिलर बहुतेक वेळा पुरेसा असतो, पण थंडावा टाकीपर्यंत पोचत नसतो. जॅकेटमध्ये (टाकीभोवतीच्या पोकळ कवचात) जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या नळीवर एकेक थर्मामीटर लावा. जाणारं ग्लायकॉल उणे ३ अंशांवर आहे आणि परतताना ७-८ अंशांनी तापून येतंय, तर चिलर त्याचं काम करतोय. कमी पडतोय तो प्रवाह.

एका ठिकाणी रांगेतला शेवटचा फर्मेंटर (बिअर आंबवायची टाकी) ८ अंशांच्या खाली उतरेना. नव्या चिलरचं कोटेशनही आलेलं होतं. सोलेनॉइड व्हॉल्व्हच्या (विजेवर उघडबंद होणाऱ्या झडपेच्या) आधीचा स्ट्रेनर (गाळणी) उघडला, तर आत टेफ्लॉन टेपच्या चिंध्या आणि तपकिरी, बुळबुळीत गाळ. स्ट्रेनर धुतल्यावर टाकी उतरायला लागली, पण तो गाळ मला स्वस्थ बसू देईना. रिफ्रॅक्टोमीटरवर (मिश्रणातलं प्रमाण दाखवणाऱ्या उपकरणावर) थेंब टाकला: ग्लायकॉल जेमतेम १८ टक्के! गळती झाली की कुणीतरी नुसतं पाणी भरत गेलं होतं. इतकं पातळ ग्लायकॉल जिवाणूंना रोखत नाही, उलट त्यांचं खाद्य होतं. शिवाय ते उणे ६-७ अंशांच्या आसपास गोठू लागतं, आणि इव्हॅपोरेटरचा (चिलरमधल्या, ग्लायकॉल गार करणाऱ्या प्लेटांचा) पृष्ठभाग बाहेर पडणाऱ्या ग्लायकॉलपेक्षा बराच थंड असतो. तिथे बर्फ धरून प्लेट फुटली, तर पाणी थेट कॉम्प्रेसरच्या वाटेला लागतं. मला सगळ्यात धास्ती याची वाटते.

म्हणून प्रमाण ३० ते ३५ टक्के ठेवा. त्याहून जास्त नको. मिश्रण दाट होतं, पंपाला जड जातं आणि उष्णताही कमी वाहून नेतं. ग्लायकॉल फूड ग्रेड प्रॉपिलीनच घ्या, गंजरोधक घातलेलं. गाडीचं कूलंट कधीही नको. त्यात बहुधा विषारी एथिलीन ग्लायकॉल असतं आणि जॅकेटला सुईएवढं भोक पडलं तरी ते बिअरमध्ये उतरू शकतं. पाणी डिस्टिल्ड वापरा.

पाइपलाइन नव्याने टाकणार असाल तर रिव्हर्स रिटर्न करा: ज्या टाकीला पुरवठा सर्वांत आधी, तिची परतीची वाट सर्वांत लांब. जवळची टाकी मग सगळा प्रवाह ओढून घेत नाही. सगळे व्हॉल्व्ह बंद झाले तर पंप कोंडू नये म्हणून बायपास (परतीची पर्यायी वाट) हवाच. मोठा पंप लावण्याआधी जॅकेट किती दाब सोसतं ते टाकीवरच्या माहितीच्या प्लेटवर वाचा, कारण दाबाने फुगलेलं जॅकेट पूर्ववत होत नाही.

आणि मोठा चिलर? प्रमाण ठीक आहे, स्ट्रेनर व कंडेन्सर (चिलरचा उष्णता बाहेर टाकणारा भाग) स्वच्छ आहेत, टाक्या वेगवेगळ्या दिवशी क्रॅश कूल (झपाट्याने थंड) करताय, आणि तरीही जाणाऱ्या ग्लायकॉलचं तापमान चढत राहतंय? मग घ्या.