फॉल रिव्हर: ओपन कपच्या पहिल्या पायरीवर

बॉस्टनच्या साउथ स्टेशनवरून मॅसॅच्युसेट्स राज्यातल्याच फॉल रिव्हर या गावाला आता थेट गाडी जाते. मार्च 2025मध्ये ही सेवा सुरू झाली, त्याआधी कित्येक दशकं या गावाला प्रवासी रेल्वेच नव्हती. ऑक्टोबरातला रविवार, शनिवार-रविवारचा दहा डॉलरचा पास आणि सोबत बॉस्टनमध्ये नोकरी करणारा भाचा. तो स्वतः ऑफिसातल्या पोरांबरोबर फुटबॉल खेळतो, त्यामुळे माझा बेत ऐकून त्याला नवल वाटलं होतं. "मामा, मॅचच बघायची तर फॉक्सबरोला जाऊ ना. रेव्होल्यूशन या व्यावसायिक संघाचं एवढं मोठं स्टेडियम आहे."

पण मला बघायची होती ओपन कपची पात्रता फेरी, आणि तीही याच भागात.

अमेरिकेतल्या सॉकरच्या, म्हणजे आपल्या फुटबॉलच्या, या राष्ट्रीय बाद पद्धतीच्या स्पर्धेचं पूर्ण नाव लामार हंट यू. एस. ओपन कप. सुरुवात 1913-14च्या हंगामात झाली, तेव्हा तिला नॅशनल चॅलेंज कप म्हणत. कोविडमुळे रद्द झालेली 2020 आणि 2021 ही दोन वर्षं सोडली तर ती दर वर्षी खेळली गेली आहे. आणि इथल्या फुटबॉलमध्ये तिचं महत्त्व वेगळंच आहे, कारण इथल्या व्यावसायिक लीगमध्ये बढती-घसरण नाही. इंग्लंडमध्ये एखादा गावातला क्लब जिंकत जिंकत वर्षानुवर्षांनी का होईना, वरच्या लीगमध्ये पोहोचू शकतो. इथे मेजर लीग सॉकरमध्ये जायचं तर कोट्यवधी डॉलर भरून जागा विकत घ्यावी लागते. मैदानावर जिंकून वर चढायची एकच वाट उरते, ती म्हणजे हा कप. आणि त्या वाटेची पहिली पायरी म्हणजे ही पात्रता फेरी. राज्याच्या किंवा शहराच्या हौशी लीगमध्ये खेळणारा क्लब अर्ज करतो, आदल्या वर्षीच्या शरद ऋतूत आसपासच्या क्लबांशी सामने लागतात आणि हरला की तो हंगाम संपला. सगळ्या फेऱ्या जिंकणाऱ्यांना पुढच्या मार्चमध्ये मुख्य स्पर्धेत जागा मिळते. 2025च्या पहिल्या फेरीत 32 हौशी संघ होते आणि त्यांच्यासमोर 32 व्यावसायिक.

गाडी साधारण दीड तास धावते. झाडं लाल-पिवळी झाली होती. टॉन्टन नदी दिसू लागली, तिच्यावरचा ब्रागा पूल दिसला आणि मग ग्रॅनाइटच्या गिरण्या. चार-पाच मजली, लांबच लांब, खिडक्यांच्या ओळीच्या ओळी. शंभराहून जास्त सूतगिरण्या होत्या या गावात एके काळी. लालबाग-परळ पाहिलेल्या माणसाला हे गाव ओळखीचं वाटतं, त्यासाठी कोणी काही सांगावं लागत नाही. आता कुठे दवाखाने आहेत, कुठे भाड्याची घरं, कुठे नुसती कुलपं.

या गिरण्यांनीच इथे फुटबॉल आणला. लँकेशायरचे विणकर आले, स्कॉटलंडचे कारागीर आले, मग अझोर्स बेटांवरचे पोर्तुगीज. कपची सगळ्यात पहिली अंतिम लढत 1914मध्ये इथून जवळच पॉटकेटला झाली, तीही जे. अँड पी. कोट्स या दोऱ्याच्या कंपनीच्या मैदानावर. ब्रुकलिनचेच दोन क्लब आमनेसामने होते आणि ब्रुकलिन फील्ड क्लबने सेल्टिकला 2-1 हरवलं. दोन वर्षांनी त्याच मैदानावर फॉल रिव्हर रोव्हर्स बेथलेहेम स्टील या पोलाद कंपनीच्या संघाकडून 0-1 हरले, तोही पेनल्टीच्या निर्णयावर, आणि प्रेक्षक मैदानात घुसले. पुढच्याच वर्षी, 1917मध्ये, रोव्हर्सनी बेथलेहेमला 1-0 हरवून कप आणला. गोल टॉमस स्वॉर्ड्सचा, पहिल्याच मिनिटात. हाच स्वॉर्ड्स 1916मध्ये स्टॉकहोमला अमेरिकेच्या पहिल्या अधिकृत आंतरराष्ट्रीय सामन्यात कर्णधार होता.

दुपारच्या मॅचला वेळ होता म्हणून आधी कोलंबिया स्ट्रीटच्या बाजूला गेलो. दुकानांच्या पाट्या पोर्तुगीज, बेकरीत रविवारची रांग. मालासादा मिळाली, गरम तळलेली, साखरेत घोळवलेली, तळहातापेक्षा मोठी. काउंटरवरच्या बाईंना मॅचबद्दल विचारलं तर त्यांना माहीत होतं. त्यांच्या शेजाऱ्याचा मुलगा खेळणार होता.

तिथून टॅक्सीने गावाच्या दक्षिण टोकाला गेलो, र्‍होड आयलंडच्या हद्दीवर. हद्दीपलीकडे नॉर्थ टिव्हर्टनमध्ये 1920च्या दशकात मार्क्स स्टेडियम होतं, फॉल रिव्हर मार्क्समन या संघाचं. स्टेडियम गावात न बांधता पलीकडच्या राज्यात बांधलं, कारण मॅसॅच्युसेट्सच्या कायद्याने तेव्हा रविवारी व्यावसायिक सामन्यांना बंदी होती आणि गिरणी कामगाराला सुट्टी मिळायची ती रविवारीच. रविवारी माणसं घोळक्याने हद्द ओलांडून जात असणार. मार्क्समननी 1924, 1927, 1930 आणि 1931 असा चार वेळा कप जिंकला. बिली गोन्साल्विस इथलाच. कपची आठ विजेतेपदं त्याच्या नावावर आहेत, त्यातली सहा सलग. बर्ट पॅटेनॉडही इथलाच. 1930च्या पहिल्या विश्वचषकात पॅराग्वेविरुद्ध त्याने केलेली हॅटट्रिक ही विश्वचषकातली पहिली, हे फिफाने मान्य केलं 2006मध्ये, म्हणजे तो गेल्यावर कितीतरी वर्षांनी. स्टेडियम आता नाही. रस्ता आहे, घरं आहेत. तिथे थोडा वेळ उभा राहिलो, भाच्याला ही सगळी नावं सांगितली. त्याने यातलं एकही ऐकलेलं नव्हतं, आणि दोष त्याचा नाही. ही नावं शाळेच्या भिंतीवर असायला हवीत असं मला मनापासून वाटतं.

मॅच एका सार्वजनिक शाळेच्या मैदानावर होती. क्लबांची नावं लिहीत नाही, कारण खेळणाऱ्या पोरांनी प्रसिद्धी मागितलेली नाही. यजमान निळे, पाहुणे पांढरे. कृत्रिम हिरवळ, तिच्यावर अमेरिकन फुटबॉल या वेगळ्याच खेळाच्या रेषा आधीच आखलेल्या, त्यातूनच आपल्या रेषा डोळ्यांनी शोधायच्या. गोलच्या मागे त्या दुसऱ्या खेळाचे पिवळे उंच खांब. एका बाजूला लोखंडी पायऱ्या, त्यावर दीडेकशे माणसं. तिकीट नाही. पुठ्ठ्याचा डबा फिरत होता, त्यात ज्याला वाटेल त्याने पैसे टाकायचे. पंचांचा आणि प्रवासाचा खर्च त्यातून थोडा सुटतो, बाकीचा खेळाडूंच्या खिशातून.

सुरुवातीच्या आधीचा एक प्रसंग मला फार आवडला. पंच निळ्या संघासमोर यादी घेऊन उभा राहिला. एकेक नाव पुकारायचं, खेळाडूने पुढे यायचं, ओळखपत्रावरचा फोटो आणि चेहरा ताडून बघायचा, मग मोजे खाली करून शिन गार्ड दाखवायचे, बुटाचे तळवे दाखवायचे. बारावं नाव गोलकीपरचं आणि तो आलेला नव्हता. मॅनेजरने घड्याळ बघितलं. तेवढ्यात पार्किंगमधून एक उंच पोरगा पळत आला, अंगावर अजून कामाचं जाकीट. शेजारच्या न्यू बेडफर्डला मासळीच्या कारखान्यात त्याची रात्रपाळी होती, तिथून घरी जाऊन जेमतेम झोपून आला होता. पंचाने त्याचं कार्ड बघितलं, बूट बघितले आणि खांद्यावर थाप मारली. ग्लोव्हजचे पट्टे त्याने दातांनी ओढून घट्ट केले आणि गोलमध्ये जाऊन उभा राहिला.

संघात गवंडीकाम करणारे दोघे, इस्पितळात मदतनीस असलेला एक, कॉलेजची पोरं, केप व्हर्डीचे, ब्राझीलचे, ग्वाटेमालाचे, आणि इथेच जन्मलेली पोर्तुगीज आडनावांची मुलं. हे मला शेजारी बसलेल्या आजोबांनी सांगितलं. ते लहानपणी अझोर्समधल्या साव मिगेल बेटावरून आलेले. आयुष्य कपड्यांच्या कारखान्यात गेलं. इथल्या पोंटा डेल्गाडा क्लबच्या गोष्टी त्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या होत्या. 1947मध्ये या क्लबने ओपन कप आणि हौशी कप दोन्ही जिंकले. त्याच वर्षी हवानाला अमेरिकेचा राष्ट्रीय संघ म्हणून हाच क्लब गेला. मेक्सिकोकडून 0-5 आणि क्युबाकडून 2-5 अशी हार झाली, पण देशाच्या नावाने एका गावचा क्लब खेळला. त्या क्लबचे एड सूझा आणि जॉन सूझा 1950च्या विश्वचषकात ब्राझीलमधल्या बेलो होरिझोंटेला इंग्लंडला 1-0 हरवणाऱ्या अमेरिकेच्या संघात होते. "दोघं भाऊ नव्हते हां," आजोबा म्हणाले. "सगळे विचारतात."

खेळ सुरुवातीला अडखळतच झाला. वारा नदीकडून येत होता आणि उंच चेंडू कुठेही जात होता. पांढऱ्यांनी विसाव्या मिनिटाच्या आसपास गोल केला, बचावातल्या गोंधळातून. निळ्यांचे पास तुटत होते. मध्यंतरानंतर मात्र त्यांनी चेंडू जमिनीवर ठेवला, आणि मग जे दिसलं ते बघायला मी आलो होतो: छोटे छोटे पास, उजवीकडून डावीकडे, एकमेकांची सवय झालेल्या माणसांचे. कॉर्नरवर बरोबरीचा गोल झाला, हेडरने. पायऱ्यांवरचे सगळे उभे राहिले. भाचा माझ्याआधी उभा राहिला.

90 मिनिटांनंतर 1-1, म्हणून जादा वेळ. हौशी खेळाडूंच्या शरीराला तो सोसत नाही. पांढऱ्यांच्या एका बचावपटूच्या पोटरीत गोळा आला, तो पडला, आणि निळ्यांच्या स्ट्रायकरने येऊन त्याचा पाय उचलून धरला, चवडा मागे दाबला. पुढच्या मिनिटाला दोघं पुन्हा एकमेकांना खांदे मारत होते. दुसऱ्या पंधरा मिनिटांत निळ्यांच्या लेफ्ट बॅकने, इस्पितळातल्या त्या मुलाने, बॉक्सच्या बाहेरून मारला. चेंडू कोणाच्या तरी पायाला लागून दिशा बदलून आत गेला. आणि शेवटच्या क्षणी रात्रपाळीवाल्या गोलकीपरने एक चेंडू पूर्ण लांबून बाहेर ढकलला. 2-1.

इथून पुढे किती लांब जाता येतं? 2012मध्ये कॅल एफसी या हौशी संघाने मेजर लीगच्या पोर्टलंड टिंबर्सना त्यांच्याच मैदानावर जादा वेळेत 1-0 हरवलं. 2017मध्ये बाल्टिमोरजवळच्या क्रिस्टोस एफसीने, ज्याचं नाव एका दारूच्या दुकानावरून आहे, मेजर लीगच्याच डी. सी. युनायटेडविरुद्ध पहिला गोल केला होता. शेवटी 4-1 हरले, पण आघाडी त्यांची होती. मेजर लीगबाहेरचा शेवटचा विजेता मात्र 1999चा रोचेस्टर आहे, तोही व्यावसायिक संघ. डिसेंबर 2023मध्ये मेजर लीगने आपले मुख्य संघ या कपातून काढून राखीव संघ पाठवायचं जाहीर केलं. अमेरिकेच्या फुटबॉल फेडरेशनने ते मानलं नाही, तरी 2024ला लीगचे आठच मुख्य संघ उतरले. 2025ला सोळा आले, नॅशव्हिलने ऑस्टिनला हरवून कप घेतला. मला ती माघार फार लागली होती. मोठ्यांनी पाठ फिरवली तर या पायऱ्यांवरच्या दीडशे माणसांची वाट जाणार कुठे?

मॅच संपल्यावर पाहुणे आणि यजमान एकाच ट्रंकमधल्या बर्फातून पाण्याच्या बाटल्या काढत होते. निळ्यांचा मॅनेजर पायरीवर बसून वहीत लिहीत होता. पुढची फेरी परगावी, दोन तासांच्या अंतरावर, शनिवारी. तिघांची त्या दिवशी पाळी, एकाची गाडी गॅरेजमध्ये. कोण कोणाशी पाळी बदलणार, कोणाच्या गाडीत किती जण, हे तिथेच ठरत होतं. गोलकीपर म्हणाला, मी शुक्रवारची रात्रपाळी करूनच येईन, मला मागच्या सीटवर झोपू द्या.

भाच्याने मॅनेजरकडून पत्ता घेतला, तो जाणार आहे. मी तोवर परतलेला असेन. कोणीतरी फोनवरून मॅच लाइव्ह दाखवतं, त्याची लिंक मी मागून घेतली आहे.